ल्युकेमिया आणि बुरशीसंसर्ग : एका उपचारजन्य व्याधीचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासलेखनात ल्युकेमियाची म्हणजेच रक्ताच्या कर्करोगाची कथा बहुधा औषधांच्या विजययात्रेच्या रूपाने सांगितली जाते. १९४८ मध्ये बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन हे औषध देऊन लहान मुलांमध्ये तात्पुरते रोगशमन घडवून आणले. १९६० च्या दशकात अनेक औषधे एकत्रितपणे देण्याची पद्धत रूढ झाली. आणि आज प्रगत देशांत बालवयातील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ रुग्ण दीर्घकाळ जगतात. ही कथा खोटी नाही. मात्र तिचे सारे लक्ष कर्करोगाची पेशी कशाने मेली या प्रश्नावर खिळलेले असते. रुग्ण कशाने मेला, हा प्रश्न तिच्यात क्वचितच विचारला जातो.

हा दुसरा प्रश्न विचारला की इतिहासाचा पट बदलतो. १९५० नंतरच्या काळात ल्युकेमियाच्या रुग्णांच्या मृत्यूची कारणे एकामागून एक मागे हटविली गेली. प्रथम रक्तस्राव, मग पू निर्माण करणारे जिवाणू. त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेत बुरशी येऊन बसली. भाकरीवर, ओल्या भिंतीवर, कुजणाऱ्या पानांवर वाढणारा हा जीव निरोगी माणसाच्या शरीरात सहसा शिरू शकत नाही; उपचारांनी ज्याची अस्थिमज्जा रिकामी झाली आहे, त्याच्या फुप्फुसात मात्र तो काही दिवसांत पसरतो. ल्युकेमियातील खोल बुरशीसंसर्ग हा मूळ रोगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उपचारांच्या प्रगतीचा परिणाम आहे आणि कर्करोगावर किती तीव्र उपचार करता येतील याची मर्यादा वेळोवेळी त्यानेच ठरविली आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात या व्याधीच्या इतिहासाचा वेध घेतला आहे. या इतिहासाला पिंपरी, मुंबई आणि वर्धा येथेही काही धागे येऊन मिळतात. त्यांची दखल योग्य स्थळी घेतली आहे.

व्याधीचे स्वरूप

विषयाच्या आकलनासाठी थोडी शारीरिक पार्श्वभूमी आवश्यक आहे. हवेतून दररोज असंख्य बीजाणू प्रत्येकाच्या श्वासात जातात. त्यांत ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू विपुल असतात. फुप्फुसातील भक्षकपेशी त्यांपैकी बहुतेकांना गिळून टाकतात. जे उरतात व ज्यांना तंतू फुटतात, त्यांचा नाश न्युट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारणपणे दोन ते सात हजार असतात. ल्युकेमियात अस्थिमज्जा रोगट पेशींनी भरून गेल्याने त्या कमी होतात. कर्करोगविरोधी औषधे दिल्यावर तर काही आठवडे त्या जवळजवळ शून्यावर येतात. कॉर्टिझोनच्या जातीची औषधे सोबत असल्यास भक्षकपेशीही दुबळ्या पडतात. अशा वेळी ॲस्परजिलसचे तंतू फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत घुसतात, रक्तप्रवाह अडवितात आणि पुढचा भाग मृत होतो.

कँडिडा या दुसऱ्या बुरशीचा मार्ग वेगळा आहे. ती बाहेरून येत नाही. माणसाच्या तोंडात व आतड्यात तिचा मुक्काम मुळातच असतो. प्रतिजैविकांनी आतड्यातील जिवाणू मारले की तिला वाढायला मोकळे रान मिळते, आणि केमोथेरपीने आतड्याचे अस्तर सोलले गेले की ती रक्तात उतरते. म्युकर वर्गातील बुरशी ही तिसरी; ती नाकाच्या पोकळीतून डोळ्याकडे व मेंदूकडे सरकते, किंवा फुप्फुसात ठाण मांडते.

१९४८ पूर्वीची स्थिती

बुरशीची ओळख जुनी आहे. फ्लॉरेन्स येथील धर्मगुरू व वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अँतोनिओ मिकेली यांनी १७२९ मध्ये ॲस्परजिलसला नाव दिले. तीर्थजल शिंपडण्याच्या चर्चमधील उपकरणाशी तिचा आकार त्यांना मिळताजुळता वाटला होता. ल्युकेमियाची ओळख मात्र एकोणिसाव्या शतकातली. १८४५ मध्ये एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट यांनी आणि बर्लिन येथे रुडॉल्फ विरशॉ यांनी या रोगाचे वर्णन केले. पुढे दोनच वर्षांनी विरशॉ यांनी त्याला आजचे नाव दिले. योगायोग असा की मानवी फुप्फुसातील ॲस्परजिलसचे वर्णनही याच विरशॉ यांनी १८५६ मध्ये केले. एकाच संशोधकाच्या शवविच्छेदनाच्या मेजावर दोन्ही गोष्टी येऊन गेल्या, परंतु त्यांचा परस्परसंबंध जुळण्यास आणखी शतक जावे लागले.

याचे कारण साधे आहे. तीव्र ल्युकेमियाचा रुग्ण तेव्हा काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत दगावत असे. रक्तस्रावाने वा जिवाणूंच्या संसर्गाने मृत्यू इतका लवकर येई की बुरशीला वेळच मिळत नसे. फुप्फुसातील बुरशीरोग त्या काळी माहीत होता तो प्रामुख्याने धुळीत व धान्यात काम करणाऱ्यांचा विकार म्हणून.

औषधांनी उघडलेले दार

१९४८ च्या जून महिन्यात फार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा मुलांवरील प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ही सुधारणा तात्पुरती असल्याचे अहवालाच्या शीर्षकातच नमूद होते. फार्बर यांना लागणारी फॉलिक आम्लविरोधी संयुगे लेडर्ली प्रयोगशाळेतून मिळाली आणि त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची सूत्रे भीमावरम येथे जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव यांचे निधन झाले. आपल्या कामाचे पुढे काय झाले, हे त्यांना पाहता आले नाही. १९४९ पासून कॉर्टिझोनचा बोलबाला सुरू झाला, १९५३ मध्ये ६-मर्कॅप्टोप्युरीन उपलब्ध झाले. याच वर्षांत टेट्रासायक्लिन वर्गातील व्यापक प्रभावाची प्रतिजैविके रुग्णालयांत सर्रास वापरली जाऊ लागली.

म्हणजे अवघ्या पाच-सहा वर्षांत तीन गोष्टी एकत्र आल्या : अस्थिमज्जा रिकामी करणारी औषधे, भक्षकपेशींना दुर्बळ करणारी स्टिरॉइड्स आणि आतड्यातील जिवाणू मारणारी प्रतिजैविके. बुरशीला यापेक्षा अनुकूल परिस्थिती क्वचितच लाभली असेल. १९५३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये एन. ई. रँकिन यांनी ॲस्परजिलस व कँडिडा यांच्या शरीरभर पसरलेल्या संसर्गाची नोंद केली, तीही पांढऱ्या पेशींचा अभाव आणि प्रतिजैविकांचा वापर यांच्याशी तो जोडून. आधुनिक अर्थाने ‘संधिसाधू’ म्हणता येईल अशा बुरशीरोगाची ही प्रारंभीची महत्त्वाची नोंद होय.

या बदलाचे सर्वांत स्पष्ट चित्र अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील हर्श, बोडी, नीस आणि फ्रायराइक यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. १९५४ ते १९६३ या दहा वर्षांत तीव्र ल्युकेमियाने मरण पावलेल्या ४१४ रुग्णांच्या मृत्यूची कारणे त्यांनी तपासली. या कालखंडात रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटले, कारण प्लेटलेट देण्याची पद्धत सुरू झाली. स्टॅफिलोकॉकस जिवाणूंमुळे होणारे मृत्यूही घटले, कारण १९६० मध्ये मेथिसिलिन आले. बुरशीमुळे होणारे मृत्यू मात्र वाढले. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा निबंध मोलाचा दस्तऐवज आहे. एकाच संस्थेच्या एका दशकाच्या मृत्यूनोंदींमध्ये वैद्यकाचे यश आणि त्या यशाची किंमत शेजारी शेजारी मांडलेली दिसते.

पेशींची मोजणी

या चौघांपैकी जेराल्ड बोडी यांचे नाव या विषयाशी कायमचे जोडले गेले. १९६६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांना झालेले संसर्ग यांची सांगड घातली. पेशी एक हजारांखाली गेल्या की धोका वाढू लागतो, शंभरांखाली गेल्या की तो कमालीचा वाढतो, आणि ही अवस्था तीन आठवड्यांहून अधिक टिकली तर संसर्ग जवळजवळ अटळ ठरतो, असे त्यांना आढळले. आज हे कोणत्याही रुग्णालयातील निवासी डॉक्टरला तोंडपाठ असते; तेव्हा ते आकड्यांत प्रथमच मांडले गेले. पेशी किती खाली गेल्या याबरोबरच त्या किती दिवस खाली राहिल्या, हेही तितकेच महत्त्वाचे, हा या निबंधाचा खरा शोध होता. जिवाणू पहिल्या आठवड्यात येतात, बुरशी बहुधा त्यानंतर. त्याच वर्षी बोडी यांनी तीव्र ल्युकेमियातील बुरशीसंसर्गावर स्वतंत्र निबंध लिहिला.

१९७० मध्ये यंग, बेनेट, डिव्हिटा आदींनी ॲस्परजिलसच्या ९८ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांचा मुख्य आधार शवविच्छेदन हाच होता आणि याला कारण होते. ॲस्परजिलस रक्ताच्या कल्चरमध्ये क्वचितच वाढते. थुंकीत ती सापडली तरी ती रोगकारक की केवळ वाटसरू हे ठरविणे कठीण. फुप्फुसाचा तुकडा काढून पाहावा, तर प्लेटलेट कमी असल्याने रक्तस्रावाची भीती. परिणामी निदान होई ते बहुतेक वेळा रुग्ण गेल्यानंतर. ज्याच्या तापाचे कारण हयातीत कळले नाही, त्याचे नाव मृत्यूनंतर आकडेवारीत दाखल होई.

हवेचा प्रश्नही याच काळात ऐरणीवर आला. रुग्णाला प्लॅस्टिकच्या तंबूसारख्या कक्षात ठेवणे, गाळलेल्या हवेचा एकदिश प्रवाह सोडणे असे प्रयोग अमेरिकेत झाले. १९७६ मध्ये आइसनर व सहकाऱ्यांनी बाल्टिमोर येथील अनुभव प्रसिद्ध केला : कर्करोगाचे रुग्ण नव्या कोऱ्या इमारतीत हलविल्यानंतर ॲस्परजिलसचा प्रादुर्भाव वाढला, आणि त्याचा संबंध बांधकामात फवारलेल्या अग्निरोधक पदार्थाशी जुळला. नवी इमारत म्हणजे स्वच्छ इमारत, या समजाला तो मोठाच धक्का होता. त्यानंतर रुग्णालयाच्या आवारातील बांधकाम व डागडुजी ही ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी धोक्याची बाब मानली जाऊ लागली.

मातीतून आलेली औषधे

बुरशीवरील औषधांचा इतिहास मातीपासून सुरू होतो. एलिझाबेथ हेझन या न्यूयॉर्क शहरात आणि रेचेल ब्राऊन या ऑल्बनी येथे, अशा दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळांमध्ये काम करीत. हेझन मातीतील सूक्ष्मजीव वाढवीत, बुरशीला मारणारे सापडले की नमुने टपालाने ऑल्बनीला पाठवीत. ब्राऊन त्यांतील क्रियाशील द्रव्य वेगळे करून परत टपालानेच पाठवीत. व्हर्जिनियातील नूर्स नावाच्या परिचितांच्या शेतावरील मातीतून आणलेल्या एका सूक्ष्मजीवाने त्यांना हवे ते दिले. १९५० मध्ये जाहीर झालेल्या या औषधाला राज्याच्या नावावरून निस्टॅटिन म्हणण्यात आले. त्याच्या स्वामित्वधनातून मिळालेले १.३ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. परंतु निस्टॅटिन आतड्यातून शोषले जात नाही आणि शिरेतून देण्याइतके सुरक्षित नाही. तोंडातील व आतड्यातील कँडिडाला ते आवरते. फुप्फुसातील ॲस्परजिलसपर्यंत ते पोहोचतच नाही.

ही उणीव ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाने भरून काढली. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून स्क्विब कंपनीच्या संशोधकांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास ते वेगळे केले आणि दशक संपण्यापूर्वी ते शिरेतून देण्याच्या स्वरूपात वापरात आले. पुढील जवळजवळ चार दशके खोल बुरशीसंसर्गावर हाच मुख्य आधार राहिला. तो खडतर होता. औषध सुरू होताच रुग्णाला हुडहुडी भरे, ताप चढे. काही दिवसांत मूत्रपिंडे बिघडू लागत, रक्तातील पोटॅशियम घसरे. न दिल्यास बुरशीने आणि दिल्यास औषधाने, असा पेच डॉक्टरांपुढे रोजच उभा राही.

याच कालखंडात महाराष्ट्रातही या दिशेने महत्त्वाचे काम झाले, याचा उल्लेख आपल्याकडील विज्ञानलेखनात फारसा आढळत नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिनचे उत्पादन हा त्याचा मुख्य हेतू होता. तेथील संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवांचा शोध चालविला. त्यांतून मिळालेल्या एका जातीला त्यांनी गावाचे नाव दिले, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आणि तिच्यापासून मिळालेले बुरशीविरोधी द्रव्य १९६१ मध्ये हॅमायसिन या नावाने प्रसिद्ध झाले. निस्टॅटिनच्या नावात न्यूयॉर्क राज्य आहे, तर हॅमायसिनच्या नावात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे आहेत. हे द्रव्य निस्टॅटिन व ॲम्फोटेरिसिन यांच्याच कुळातील होते. अमेरिकेतही खोल बुरशीरोगांवर त्याची चाचणी झाली. पण शोषणाच्या व दुष्परिणामांच्या अडचणींमुळे त्याचा उपयोग मुख्यतः त्वचेच्या व श्लेष्मल आवरणाच्या संसर्गापुरताच राहिला. पिंपरीत सापडलेले दुसरे द्रव्य, ऑरिओफंजिन, पिकांवरील रोगांसाठी वापरले गेले. हॅमायसिन ल्युकेमियाच्या रुग्णाच्या फुप्फुसापर्यंत पोहोचू शकले नाही हे खरे. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या दीड दशकात, विदेशी कंपन्यांच्या बरोबरीने, त्याच प्रश्नाला एका सरकारी कारखान्यातील मंडळी भिडली होती, ही नोंद इतिहासात असावयास हवी.

पुराव्याविना उपचार

निदान वेळेत होत नाही आणि औषध विषारी आहे, या कोंडीतून जो मार्ग निघाला तो वैद्यकीय विचारपद्धतीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील फिलिप पिझ्झो व सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशी घटलेल्या अशा ५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचा ताप सात दिवस प्रतिजैविके देऊनही हटला नव्हता. एका गटाची प्रतिजैविके थांबविली, दुसऱ्याची चालू ठेवली, तिसऱ्याला त्यांच्या जोडीला ॲम्फोटेरिसिन-बी दिले. रुग्णसंख्या लहान होती. तरी बुरशीसंसर्ग तिसऱ्या गटात सर्वांत कमी आढळला. यानंतर ‘न हटणारा ताप म्हणजे बुरशी, असे धरून चाला’ हा प्रघात जगभर पडला. पुरावा हाती येईपर्यंत थांबणे ही वैद्यकाची शिस्त. येथे मात्र थांबणे हीच चूक ठरली. अनेकांना गरज नसताना विषारी औषध मिळाले, आणि काहींचे प्राण त्यामुळेच वाचले. यांपैकी कोण कोणत्या गटातला, हे सांगण्याचे साधन तेव्हा नव्हते.

पुढील वीस वर्षांत ही कोंडी काही अंशी सैल झाली. सीटी स्कॅनवर फुप्फुसातील गाठीभोवती दिसणारे धूसर वलय ही ॲस्परजिलसची लवकर दिसणारी खूण असल्याचे १९८० च्या दशकाच्या मध्यास कुलमन व सहकाऱ्यांनी दाखविले. रक्तातील गॅलॅक्टोमॅनन या बुरशीच्या पेशीभित्तिकेतील घटकाची चाचणी नंतर आली. १९८५ मध्ये ह्यूस्टन येथे लोपेझ-बेरेस्टीन, बोडी व सहकाऱ्यांनी ॲम्फोटेरिसिन-बी लिपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म गोलकांत, बंदिस्त करून कर्करोगाच्या रुग्णांना देण्याचा प्रारंभिक अनुभव मांडला. मूत्रपिंडांना होणारी इजा त्यामुळे पुष्कळ कमी झाली. किंमत मात्र कितीतरी पटींनी वाढली.

ॲझोल वर्गातील औषधांनी प्रतिबंधाचे युग आणले. १९९२ मध्ये गुडमन व सहकाऱ्यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांना फ्लुकोनॅझोल आधीपासूनच दिले, तेव्हा अंतर्गत बुरशीसंसर्गाचे प्रमाण १५.८ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. २००२ मध्ये हर्ब्रेश्ट व सहकाऱ्यांनी ॲस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल आणि जुने ॲम्फोटेरिसिन यांची तुलना केली. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील ७०.८ टक्के व दुसऱ्या गटातील ५७.९ टक्के रुग्ण हयात होते. २००७ मध्ये कॉर्नेली व सहकाऱ्यांच्या अभ्यासात तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या व तत्सम रुग्णांना पोसाकोनॅझोल दिल्याने खोल बुरशीसंसर्गाचे प्रमाण ८ टक्क्यांवरून २ टक्क्यांपर्यंत घटले.

येथेही जुनाच क्रम पुन्हा दिसतो. फ्लुकोनॅझोलचा वापर वाढताच त्याला न जुमानणाऱ्या कँडिडा क्रुसेई या जातीचे संसर्ग वाढल्याची नोंद विंगार्ड व सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच केली होती. व्होरिकोनॅझोल रूढ झाल्यावर त्याच्या कक्षेबाहेरील म्युकर वर्गाच्या बुरशीचे रुग्ण काही केंद्रांत वाढले. नेदरलँड्समध्ये २००७ मध्ये ॲझोलला दाद न देणाऱ्या ॲस्परजिलसचे रुग्ण वर्णिले गेले. रुग्णाने औषध पूर्वी कधी घेतलेले नसतानाही हा प्रतिकार आढळू लागला आणि त्याचा संबंध शेतात फवारल्या जाणाऱ्या त्याच कुळातील बुरशीनाशकांशी जोडण्यात आला. २०१२ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील अनुराधा चौधरी व सहकाऱ्यांनी असाच प्रतिकार असलेली बुरशी भारतातील पर्यावरणात आढळल्याचे दाखविले. त्यानंतरच्या काळात लक्ष्यवेधी औषधांनी आणखी एक दार उघडले. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियावरील इब्रुटिनिब अस्थिमज्जा रिकामी करीत नाही. तरीही ते घेणाऱ्या काही रुग्णांत, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, ॲस्परजिलस मेंदूपर्यंत गेल्याचे आढळले. केवळ पेशींची संख्या मोजून धोका ठरविण्याचा बोडी यांचा नियम येथे अपुरा पडतो.

भारतीय संदर्भ

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. बालवयातील ल्युकेमियावरील भारतीय उपचारांना वळण मिळाले ते १९८४ मध्ये, एमसीपी-८४१ या उपचारक्रमाने. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयान मॅग्रथ यांच्या सहकार्याने आखलेला हा क्रम मुंबई, दिल्ली व चेन्नई येथील तीन केंद्रांत राबविला गेला आणि त्याचे चौदा वर्षांचे अनुभव २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ जगणाऱ्या मुलांचे प्रमाण त्याने लक्षणीय वाढविले. मात्र उपचारांदरम्यान होणारे मृत्यू पाश्चात्त्य केंद्रांपेक्षा अधिक राहिले आणि त्यांत संसर्गाचा वाटा मोठा होता. उशिरा येणारे रुग्ण, कुपोषण, गर्दीचे कक्ष, रुग्णालयापासून दूरची घरे ही कारणे त्यामागे होती.

यांतील बुरशीचा वाटा नेमका किती, हे सांगणे येथे अधिकच कठीण जाते. पाश्चात्त्य देशांतील या रोगाचा इतिहास शवविच्छेदनाच्या मेजावर लिहिला गेला. आपल्याकडे कायदेशीर कारणाशिवाय शवविच्छेदनाला नातेवाइकांची संमती मिळणे अवघड, आणि आजारपणात खचलेल्या कुटुंबाकडे ती मागणेही अवघड. त्यामुळे ‘न हटलेला ताप’ एवढीच नोंद मागे राहते. आणखी एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे : पाश्चात्त्य देशांत म्युकर वर्गाचा संसर्ग प्रामुख्याने रक्ताच्या कर्करोगात दिसतो, तर भारतात तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेहात. चंदीगढ येथील अरुणालोक चक्रबर्ती व सहकाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासांतून हे स्पष्ट झाले आहे.

महाग औषधाच्या प्रश्नावर भारतीय उत्तर शोधण्याचा प्रयत्नही झाला. दिल्ली विद्यापीठातील बी. के. बच्छावत आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील नीलिमा क्षीरसागर यांच्या सहकार्यातून लिपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसिनची देशी आवृत्ती विकसित झाली आणि फंजिसोम या नावाने ती उपलब्ध झाली. प्रयोगशाळेतील कल्पना रुग्णाच्या खाटेपर्यंत नेण्याचे हे काम चिकाटीचे होते. बिहारमधील काळा आजाराच्या रुग्णांसाठीही ॲम्फोटेरिसिनचा मोठा वापर झाला. बुरशीसाठी शोधलेले हे औषध भारतात बराच काळ काळा आजाराच्या संदर्भातच अधिक चर्चिले गेले.

२०२१ च्या उन्हाळ्यात परिस्थिती एकाएकी पालटली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह व स्टिरॉइड यांच्या संयोगाने म्युकरमायकोसिसचे रुग्ण हजारोंच्या संख्येने आले आणि ‘काळी बुरशी’ हा शब्दप्रयोग मराठी घराघरांत पोहोचला. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांचे वाटप राज्यनिहाय होऊ लागले; वर्ध्यातील एका औषधनिर्मात्याने त्याच महिन्यात ॲम्फोटेरिसिन-बी इमल्शन इंजेक्शनाचे उत्पादन सुरू केले. एरवी कर्करोग कक्षातील डॉक्टरांखेरीज फारसे कोणाला ठाऊक नसलेले हे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. १९५३ मध्ये रँकिन यांनी नोंदविलेलाच हा प्रसंग वेगळ्या प्रमाणावर घडला होता : जीव वाचविण्यासाठी दिलेल्या उपचारांच्या जोडीने आलेली बुरशी. पुढील वर्षी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने प्राधान्याने लक्ष द्यावयाच्या रोगकारक बुरशींची आपली पहिली यादी प्रसिद्ध केली. ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कँडिडा अल्बिकन्स तिच्या सर्वांत वरच्या गटात आहेत.

ल्युकेमियाच्या कक्षात मात्र प्रश्न लाटेपुरता नसतो. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलाला व्हिन्क्रिस्टिन हे औषध द्यावेच लागते, आणि ॲझोल वर्गातील अनेक औषधे व्हिन्क्रिस्टिनची विषारीता वाढवितात. त्यामुळे मोठ्यांसाठी सोयीचा असलेला प्रतिबंधाचा मार्ग या मुलांसाठी बऱ्याच अंशी बंद राहतो. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात सायटॅराबिन सात दिवस व डाऊनोरुबिसिन तीन दिवस देण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रूढ आहे. त्यानंतर सुमारे तीन आठवडे रुग्ण पांढऱ्या पेशींवाचून राहतो. हा उपचार द्यावा की कमी तीव्रतेचा, हे ठरविताना आपल्याकडील डॉक्टर रुग्णाचे वय आणि गुणसूत्रांचा अहवाल पाहतातच. त्याबरोबर कक्षात गाळलेल्या हवेची खोली रिकामी आहे काय, शेजारच्या इमारतीचे बांधकाम संपले आहे काय, आणि लिपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसिनच्या कुप्या लागल्यास त्यांचे पैसे कोण भरणार, याचीही विचारपूस नातेवाइकांशी बोलताना करावी लागते.